दहशतीचा सीमापार व्यवहार : दोन सोयीस्कर मतांचा प्रतिवाद

दहशतवादी गटांच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याबद्दल सुशिक्षित वर्तुळांत एक मत वारंवार मांडले जाते, आणि ते वरवर पाहता समंजस वाटत असल्यामुळे त्याचा नीट समाचार घेतला जात नाही. या मतानुसार प्रत्येक सशस्त्र गट आपापल्या भूमीतील अन्यायातून जन्माला येतो, त्याची भाषा, धर्मकल्पना आणि उद्दिष्टे इतरांहून वेगळी असतात, पुष्कळदा या गटांमध्ये आपसांत वैरही असते. म्हणून असे गट देशोदेशी एकमेकांना हात देतात हे म्हणणे म्हणजे सुरक्षा यंत्रणांनी आपले अधिकार वाढवण्यासाठी उभे केलेले बुजगावणे होय. याच्या विरुद्ध टोकाला दुसरे मत उभे आहे. दहशतवाद ही शेजारी राष्ट्राने पाठवलेली वस्तू आहे, इथे फक्त तिचे बळी राहतात, आणि आत कोणी साथीदार असलाच तर तो पोटासाठी बाहेरून आलेल्या मजुरांच्या वस्तीतच सापडेल, असे ते सांगते. ही दोन्ही मते एकमेकांची वैरी दिसत असली तरी त्यांची चूक एकच आहे. सहकार्य म्हणजे विचारांची किंवा रक्ताची एकजूट, असे दोघेही गृहीत धरतात. त्यामुळे पैसा, कागदपत्रे, वाट, निवारा, प्रशिक्षण आणि संपर्क या ज्या सेवांच्या देवाणघेवाणीवर सीमापार हिंसा प्रत्यक्षात उभी राहते, तिच्याकडे दोघांचेही लक्ष जात नाही.

प्रथम व्याख्या स्पष्ट करणे आवश्यक आहे. दहशतवाद या शब्दाने येथे नागरिकांना किंवा नि:शस्त्रांना जाणूनबुजून लक्ष्य करून समाजाला वा सरकारला धाकात ठेवण्याची हिंसा अभिप्रेत आहे, मग ती कोणत्याही धर्माच्या, भाषेच्या वा वर्गाच्या नावाने केलेली असो. 'सहकार्य' म्हणजे संयुक्त जाहीरनामा किंवा एका सेनापतीची आज्ञा नव्हे. एका गटाने, टोळीने, सरकारी खात्याने किंवा व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या हिंसेसाठी पुरवलेले कोणतेही साधन म्हणजे सहकार्य. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २८ सप्टेंबर २००१ रोजी संमत केलेला १३७३ क्रमांकाचा ठराव याच समजुतीवर उभा आहे, कारण तो सर्व सदस्य राष्ट्रांवर दहशतवादासाठी पैसा उभारण्यास, आश्रय देण्यास आणि खोट्या प्रवास-कागदपत्रांना प्रतिबंध करण्याचे बंधन घालतो. हल्लेखोराचे मन काय मानते यापेक्षा त्याच्या हाती साधने कोणी दिली, हा प्रश्न त्या ठरावाने पुढे आणला.

वैचारिक अंतर असलेले गट एकत्र येत नाहीत, हा दावा इतिहासापुढे टिकत नाही. ३० मे १९७२ रोजी इस्राएलमधील लोद विमानतळावर तिघा जपानी तरुणांनी प्रवाशांवर गोळीबार केला आणि त्यात २६ जण मृत्युमुखी पडले. हे तरुण 'जपानी लाल सेना' या अतिडाव्या गटाचे होते, आणि त्यांनी तो हल्ला पॅलेस्टाइनमधील एका संघटनेसाठी केला होता. जपानी विद्यार्थी-चळवळीतून निघालेला मार्क्सवादी आणि पॅलेस्टाइनच्या राष्ट्रीय मुक्तीसाठी लढणारा अरब यांच्यात भाषा, धर्म वा भूगोल यांपैकी काहीही समान नव्हते. ज्यांच्यावर संशय येणार नाही अशी माणसे एका बाजूला हवी होती, प्रशिक्षणाची जागा आणि शस्त्रे दुसऱ्या बाजूला उपलब्ध होती, एवढ्यावर तो व्यवहार जुळला. पुढे १९८७ मध्ये फ्रान्सच्या अधिकाऱ्यांनी 'एक्संड' हे जहाज पकडले तेव्हा त्यात लिबियाहून आयरिश रिपब्लिकन आर्मीकडे निघालेली सुमारे १५० टन शस्त्रसामग्री सापडली. त्रिपोलीतील सत्ता आणि बेलफास्टमधील बंदूकधारी यांना जोडणारा धागा विचारसरणीचा नव्हता. समान शत्रू आणि पुरवठ्याची क्षमता या दोन गोष्टी त्यांना पुरेशा होत्या.

हाच नियम महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १९९३ मध्ये सिद्ध झाला. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील साखळी स्फोटांत २५७ माणसे मारली गेली, आणि त्या स्फोटांत वापरलेले आरडीएक्स, म्हणजे लष्करी दर्जाचे अतितीव्र स्फोटक, रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे समुद्रमार्गे उतरवले गेले होते. हा माल आणणारी यंत्रणा कोणत्याही धार्मिक संघटनेने उभी केलेली नव्हती. सोने आणि चांदी चोरून आणणाऱ्या टोळ्यांनी ती वर्षानुवर्षे वापरात ठेवली होती, तिचे तांडेल, उतरवणी करणारे, ट्रकवाले आणि हप्ता घेणारे अधिकारी आधीच ठरलेले होते. कटातील तरुणांना दुबईमार्गे पाकिस्तानात नेऊन शस्त्रे आणि स्फोटके हाताळण्याचे शिक्षण देण्यात आले, आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ च्या निकालात त्या प्रशिक्षणातील पाकिस्तानी यंत्रणेच्या सहभागाची नोंद केली. परंतु त्याच खटल्यात सीमाशुल्क खात्यातील अधिकारी आणि पोलिसही दोषी ठरले, ही बाब दुसऱ्या मताचे पुरस्कर्ते विसरतात. परकीय यंत्रणेने स्फोटके पाठवली असतील, तरी रायगडची वाट त्यांना इथल्याच पगारी नोकरांनी मोकळी करून दिली. अमेरिकेच्या अर्थखात्याने ऑक्टोबर २००३ मध्ये या स्फोटांतील फरार मुख्य आरोपी दाऊद इब्राहिमला जागतिक दहशतवादी घोषित करताना त्याच्या टोळीने तस्करीचे मार्ग अल कायदाला उपलब्ध करून दिल्याचे आणि लष्कर-ए-तैयबाला आर्थिक साहाय्य केल्याचे नमूद केले. नफा हेच ज्याचे ध्येय, त्या टोळीला आणि परलोकाची भाषा करणाऱ्या संघटनेला एकमेकांच्या सेवा उपयोगी पडल्या, याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात सेवांची ही विभागणी किती देशांत पसरली होती, हे तपासात उघड झालेल्या तपशिलांवरून दिसते. १६६ जणांचा बळी घेणारे दहा हल्लेखोर कराचीहून समुद्रमार्गे आले आणि वाटेत त्यांनी 'कुबेर' ही भारतीय मासेमारी नौका ताब्यात घेतली. हल्ला चालू असताना त्यांचे सूत्रधार त्यांच्याशी इंटरनेटवरून जाणाऱ्या दूरध्वनीने बोलत होते. ती सेवा अमेरिकेतील न्यू जर्सीच्या एका कंपनीकडून घेतलेली होती, आणि ती सुरू करण्यासाठी हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतील ब्रेशा शहरातून दुसऱ्याच माणसाच्या नावावर २२९ डॉलर पाठवण्यात आले होते. मुंबईतील लक्ष्यांची टेहळणी डेव्हिड हेडली या शिकागोत राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाने केली. जन्मनाव दाऊद गिलानी असलेल्या या माणसाने २००६ मध्ये नाव बदलले, एका परदेशगमन सल्लागार कंपनीचे कार्यालय मुंबईत थाटले आणि त्या आडोशाने अनेक फेऱ्या केल्या. या साखळीत बीड जिल्ह्यातील गेवराईचा जबिउद्दीन अन्सारी होता, जो २००६ च्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात फरार होऊन बांगलादेशमार्गे पाकिस्तानात पोहोचला आणि जून २०१२ मध्ये सौदी अरेबियातून भारतात पाठवला गेला. शस्त्रसाठ्याच्या त्या खटल्यात त्याला २०१६ मध्ये जन्मठेप झाली. मुंबईचा हल्ला चालू असताना तो कराचीतील नियंत्रण कक्षात होता आणि हल्लेखोरांना हिंदी त्यानेच शिकवली, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. मराठवाडा, बांगलादेश, कराची, ब्रेशा, न्यू जर्सी आणि शिकागो ही ठिकाणे एका कटात येतात, तेव्हा स्थानिक असंतोष विरुद्ध परकीय कारस्थान ही विभागणीच निरर्थक ठरते.

हेडलीची पुढची वाटचाल तर पहिल्या मताला थेट खोडून काढते. मुंबईसाठी तो लष्कर-ए-तैयबाचे काम करीत होता. डेन्मार्कमधील एका वृत्तपत्रावर हल्ला करण्याच्या योजनेतून लष्कर-ए-तैयबाने अंग काढून घेतल्यावर तो तीच योजना घेऊन अल कायदाशी जोडलेल्या इलियास काश्मिरीकडे गेला, आणि अमेरिकी न्यायालयापुढे त्याने हे स्वतः कबूल केले. एका संघटनेने मागे सारलेले काम दुसरी संघटना त्याच माणसाकडून करून घेते, हा प्रकार संघटनांच्या नावांभोवती कुंपणे मानणाऱ्यांना स्पष्ट करता येत नाही. मार्च २००९ मध्ये, म्हणजे मुंबईच्या हल्ल्यानंतर चारच महिन्यांनी, त्याने पुन्हा भारतात येऊन ज्यू प्रार्थनागृहांची पाहणी केली. अशा ठिकाणांत पुण्याच्या कोरेगाव पार्कमधील खबाद हाउस होते. त्याच परिसरातील जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० रोजी झालेल्या स्फोटात १७ जणांचा मृत्यू झाला. त्या स्फोटाचा ठपका इंडियन मुजाहिदीन या भारतीय नावाच्या आणि बहुतांश भारतीय सदस्यांच्या संघटनेवर आहे, परंतु तिचे संस्थापक मानले जाणारे भटकळ बंधू पाकिस्तानात आश्रयाला गेले, आणि अमेरिकेने सप्टेंबर २०११ मध्ये तिला परकीय दहशतवादी संघटनांच्या यादीत घालताना लष्कर-ए-तैयबाशी असलेल्या तिच्या संबंधांचा उल्लेख केला. स्थानिक नाव आणि सीमापार आधार यांत विरोध नाही; आधार देणाऱ्याला हात झटकता यावेत म्हणूनच स्थानिक नाव सोयीचे पडते.

ही चर्चा पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याला लागू नाही, असे मानणाऱ्यांनी या पट्ट्याचा चाळीस वर्षांचा इतिहास पाहावा. माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात हत्या झाली. तिची जबाबदारी खलिस्तान कमांडो फोर्सने घेतली. या हत्येतील सुखदेवसिंग ऊर्फ सुखा हा पुढच्याच महिन्यात पिंपरीत पकडला गेला, तोही मोटारसायकल ट्रकला धडकल्यामुळे. ही संघटना पंजाबातून निघालेली असली तरी तिचा दीर्घकाळचा म्होरक्या परमजितसिंग पंजवड मे २०२३ मध्ये मारला गेला तो लाहोरमध्ये. शिखांसाठी धर्मराज्य मागणारा माणूस ज्या देशाच्या राज्यघटनेने इस्लामला राज्यधर्म मानले आहे त्या देशात अनेक वर्षे राहतो, हे वैचारिक एकजुटीच्या कोणत्याही सिद्धांताने स्पष्ट होत नाही. दिल्लीला त्रास देण्याची पाकिस्तानची इच्छा आणि आश्रयाची पंजवडची गरज एवढ्यानेच ते स्पष्ट होते. मार्च २०१८ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने पुणे परिसरातून काही बांगलादेशी नागरिकांना पकडले. बांगलादेशने २०१५ मध्ये बंदी घातलेल्या आणि अल कायदाच्या विचारांशी जोडलेल्या अन्सारुल्ला बांगला टीमच्या माणसांना त्यांनी आसरा आणि मदत दिली होती. खोट्या आधारांवर त्यांनी भारतीय ओळखपत्रेही मिळवली होती. विशेष न्यायालयाने त्यांच्यापैकी काहींना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा दिली. २०१८ च्याच डिसेंबरात चाकणमधून एका संशयित खलिस्तानवाद्याला, आणि मार्च २०१९ मध्ये पाटण्यातील अटकांच्या धाग्यावरून चाकणजवळच्या एका मजुराला ताब्यात घेण्यात आले. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, आणि शेवटच्या दोन प्रकरणांवरून कोणाचाही गुन्हा येथे गृहीत धरलेला नाही. परंतु शिक्षा झालेल्या प्रकरणावरून एवढे निर्विवाद आहे की या पट्ट्याने पुरवलेली सेवा स्फोटकांची नव्हती. निवारा, काम आणि कागद एवढीच ती सेवा होती.

ताथवडे हे या बाबतीत लक्षात घेण्याजोगे गाव आहे. २००९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आलेले हे गाव मुंबई-बेंगळुरू महामार्गाला लागून, वाकड आणि हिंजवडीच्या शेजारी वसलेले आहे, आणि तेथे शिक्षणसंस्थांची वसतिगृहे, पेईंग गेस्ट, कॉट बेसिसवर दिलेल्या खोल्या, नव्या गृहसंकुलांतील भाड्याचे फ्लॅट आणि बांधकामांवरील बिगाऱ्यांच्या पत्र्याच्या झोपड्या एकमेकांशेजारी उभ्या आहेत. अशा ठिकाणी नवा माणूस येणे हीच रोजची रीत असल्याने अनोळखी चेहरा कोणाच्या लक्षात येत नाही. घरमालक अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करतो, भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवतो किंवा कळवत नाही, आणि मजुरांच्या बाबतीत तर ठेकेदाराच्या वहीपलीकडे नोंदच नसते. ही अनामिकता विद्यार्थ्याला आणि कामगाराला मोलाची आहे, आणि ती जपलीही पाहिजे. पण जो व्यवहार तिच्या आडून चालतो त्याची जाण ठेवणे हा त्या विद्यार्थ्यावरचा वा कामगारावरचा अविश्वास नव्हे.

येथेच दुसऱ्या मताचा पूर्ण समाचार घ्यायला हवा, कारण या पट्ट्यातील अटकांचा दाखला देऊन प्रत्येक बंगाली बोलणाऱ्या मजुराकडे, प्रत्येक बिहारी कामगाराकडे आणि प्रत्येक मुस्लिम भाडेकरूकडे बोट दाखवले जाते. ज्या पुराव्यांच्या आधारे हे बोट दाखवले जाते त्याच पुराव्यांतून त्याची निरर्थकता सिद्ध होते. हेडलीकडे अमेरिकेचे पारपत्र होते आणि शेजाऱ्यांना संशय यावा असे त्याच्या राहणीत काही नव्हते. शेखाडीची वाट मोकळी करणारे सरकारी सेवेत होते. अन्सारी बीडचा होता, आणि ब्रेशातून पैसे पाठवणाऱ्यांचा भारताशी संबंधही नव्हता. कोणाची बोली कोणती आणि जेवणात काय, यावरून धोका ओळखू पाहणारी नजर नेमक्या या माणसांना सोडून देईल आणि पश्चिम बंगालच्या मालदा किंवा मुर्शिदाबादचा निर्दोष भारतीय नागरिक तिच्या जाळ्यात सापडेल. शिवाय ज्या समाजाला सरसकट संशयित ठरवले जाते त्या समाजातून माहिती येणे थांबते, आणि माहिती थांबली की निवारा देणारा अधिक सुरक्षित होतो. म्हणून समूहावरील संशय हा कडकपणाचा नव्हे, तर निष्काळजीपणाचा मार्ग आहे.

पहिल्या मताच्या बाजूने एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. महाराष्ट्रातील दहशतवादाच्या अनेक खटल्यांत तपास यंत्रणांची गृहीतके न्यायालयात कोसळली आहेत. २००६ च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ मध्ये दोषमुक्त करावे लागले. जर्मन बेकरी प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या एकमेव आरोपीला उच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये स्फोटाच्या आणि खुनाच्या आरोपांतून मुक्त केले आणि स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप कायम ठेवली. ११ जुलै २००६ च्या उपनगरी रेल्वेतील स्फोटांच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्या सर्व बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले, आणि त्यानंतर दहाच दिवसांनी २००८ च्या मालेगाव स्फोटातील सर्व आरोपीही पुराव्याअभावी सुटले. या निकालांवरून असे म्हटले जाते की जाळे वगैरे काही नव्हतेच, कबुलीजबाब आणि छळ यांतून ते कागदावर विणले गेले होते. या म्हणण्यातील वेदना खरी आहे. ज्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली त्याचे नुकसान कोणत्याही भरपाईने भरून येत नाही. परंतु निष्कर्ष चुकीचा आहे. या निकालांनी ठराविक माणसांवरील आरोप सिद्ध झाले नाहीत असे सांगितले. बॉम्ब फुटले नाहीत, किंवा ते कोणीच पुरवले नाहीत, असे त्यांनी सांगितलेले नाही. चुकीचा माणूस पकडला जातो तेव्हा निरपराध्यावर अन्याय होतो आणि खरा पुरवठादार मोकळा राहतो. या दोन्ही हानी एकाच वेळी होतात. जाळ्याचे अस्तित्व नाकारणाऱ्याला पहिली हानी दिसते, सरसकट संशय घेणाऱ्याला दोन्हींपैकी एकही दिसत नाही.

असंतोष हे मूळ कारण आहे, हा युक्तिवादही याच कसोटीवर तपासता येतो. बाबरी मशीद पाडली जाणे, १९९२-९३ च्या दंगली, १९८४ मधील शिखांची कत्तल या घटनांनी खोल जखमा केल्या आणि त्यांचा न्याय अपुरा राहिला, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि त्या जखमा लक्षावधी लोकांच्या वाट्याला आल्या आणि त्यांतील फारच थोड्यांनी बॉम्ब हाती घेतले. दुःख हिंसेत केव्हा रूपांतरित होते, हे दुःखाच्या तीव्रतेपेक्षा साधनांच्या उपलब्धतेवर अधिक अवलंबून असते. शेखाडीला माल उतरला नसता तर १२ मार्चचा संताप संतापच राहिला असता. अन्याय दूर करणे हे न्यायासाठीच आवश्यक आहे, परंतु त्याला दहशतवादाचा उतारा म्हणून पुढे करणे म्हणजे पुरवठादाराला दृष्टीआड करणे होय.

म्हणून उपाय सेवांच्या साखळीवर केंद्रित असले पाहिजेत, आणि त्यांचा परिणाम होतो याचे दाखले उपलब्ध आहेत. बेकायदा पैशावर लक्ष ठेवणाऱ्या आर्थिक कृती दलाने (एफएटीएफ) पाकिस्तानला जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या काळात देखरेखीच्या यादीत ठेवले, आणि त्याच काळात, फेब्रुवारी २०२० मध्ये, लाहोरच्या न्यायालयाने लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक हाफिज सईद याला दहशतवादासाठी अर्थपुरवठा केल्याबद्दल शिक्षा सुनावली. जे अनेक वर्षांच्या निषेध-खलित्यांनी साधले नव्हते ते कर्ज आणि व्यापार अडचणीत येण्याच्या भीतीने काही प्रमाणात साधले. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडलेला आंतरराष्ट्रीय दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदा व्याख्येच्या वादात अजूनही अडकून पडला आहे, म्हणून तोवर पैसा, प्रत्यार्पण आणि पुराव्यांची देवाणघेवाण यांवरील द्विपक्षीय काम अधिक महत्त्वाचे ठरते. देशांतर्गत पातळीवर धडा अधिक साधा आहे. १९८६ मध्ये पिंपरीत एका अपघाताने आणि जुलै २०२३ मध्ये कोथरूडला मोटारसायकल चोरताना गस्तीच्या पोलिसांनी हटकल्यामुळे मोठे धागे हाती लागले. कोथरूडचे आरोपी राजस्थानातील स्फोटकांच्या प्रकरणात हवे असलेले निघाले, आणि त्यांच्यावरील आरोपांचा निर्णय न्यायालय देईलच. कोथरूडला उपयोगी पडली ती बीटवरच्या पोलिसाची सतर्कता, आणि ती कोणत्याही समाजाविरुद्ध नव्हती.

ताथवड्यासारख्या ठिकाणी याचा अर्थ असा की भाडेकरू पडताळणी प्रत्येकाची, एकाच पद्धतीने आणि अपमान न करता व्हावी. ओळखपत्रे देणाऱ्या कार्यालयांतील लाचखोरी ही सुरक्षेचा प्रश्न मानली जावी. ठेकेदारावर कामगारांची खरी नोंद ठेवण्याचे बंधन असावे आणि त्या नोंदीतून कामगाराला भविष्यनिर्वाह निधी व विमाही मिळावा. आणि अटक झालीच तर पुरावा न्यायालयात टिकेल असा गोळा केला जावा. दहशतवादी गटांना वैचारिक एकवाक्यतेची गरज नसते, एकमेकांच्या सेवांची असते, हे ज्याने मान्य केले त्याला जाळ्याचे अस्तित्व नाकारण्याची सोय उरत नाही, आणि शेजारच्या खोलीतील मजुराला शत्रू ठरवण्याचीही उरत नाही. सेवा पुरवणारा हात ओळखणे, तो न्यायालयात सिद्ध करणे आणि तो कोणत्याही देशाच्या, खात्याच्या वा समाजाच्या आश्रयाला असला तरी मोकळा न सोडणे, एवढेच दहशतवादाविरुद्धचे प्रामाणिक धोरण होय.